निकाली

आमच्या गावात दोन गोष्टींवर माणसं जेवायचं सोडून बोलतात. एक पाऊस आणि दुसरी कुस्ती. पाऊस कळंब तालुक्यात फारसा पडत नाही, म्हणून कुस्तीवर जास्त बोलणं होतं.

२०२५ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावरच्या टपरीवर पोरांची जत्राच भरली होती. पृथ्वीराज मोहोळ केसरी झाला, पण त्याचं कौतुक कुणाच्या तोंडी नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी शिवराज राक्षेची लाथ. गादीवरच्या लढतीत पंचांनी त्याला चितपट दिलं, पाठ टेकलीच नाही म्हणून तो भांडला आणि पंचांवर पाय उचलला. मग शेवटच्या लढतीत महेंद्र गायकवाडही चिडून बाहेर गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

"खांदे टेकलेच न्हाईत. बग, हितं थांबवून बग."

"पंच धा फुटावर हुता. त्येला न्हाई दिसलं आन् तुला मोबाईलात दिसायलंय व्हय?"

"आरं पण लाथ? पंच म्हंजी वस्तादाच्या जागी असतोय."

चहा गार झाला तरी कुणी कपाला हात लावला नाही. तेवढ्यात एका पोरानं मोबाईलवर दुसरंच काही लावलं. जाळीच्या पिंजऱ्यात दोघं एकमेकांना बुक्क्या मारत होते. "नाना, ही लढत बगा. हितं पाठ टेकली का न्हाई, भानगडच न्हाई. समोरचा हात आपटून हार मानतोय, न्हाईतर बेशुद्ध पडतोय. एकदम निकाली."

त्या पोराचं म्हणणं पुरतं खरं नव्हतं. पिंजऱ्यातही पंच असतात. पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, अजिंक्यपदाची लढत असली तर पाच. तोवर कुणी पडला नाही तर गुण मोजूनच निकाल देतात आणि त्यावरही जगभरातले शौकीन असेच भांडतात. पण मी त्याला काही बोललो नाही. 'निकाली' हा शब्द ऐकला की माझ्या पोटात अजून खड्डा पडतो. तेहतीस वर्षं झाली.

किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या वर्षीची, म्हणजे १९९२ ची आमच्या गावची जत्रा. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री पौर्णिमा उरकली की आमची जत्रा येते. सकाळी नैवेद्य, दुपारी छबिना आणि ऊन कललं की ओढ्याच्या कडंला कुस्त्यांचा फड. लहान पोरांच्या कुस्त्या खोबऱ्याच्या वाटीवर, मग पाच रुपये, दहा, पन्नास असं चढत चढत शेवटची कुस्ती. त्या साली शेवटच्या कुस्तीला अकराशे एक रुपये इनाम होतं. आमच्याकडनं आप्पा उभा होता आणि समोर बार्शीकडचा एक गडी.

आप्पा माझा चुलतभाऊ. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. गावच्या तालमीत पहाटे चारला उठून हजार बैठका मारणारा. त्याच्या दुधाला गावानं वर्गणी काढलेली. कुणी पायली ज्वारी दिली, कुणी बदाम आणून दिले, आमच्या आईनं म्हशीचं दूध दिलं. मी काहीच दिलं नाही, पण बोललो मात्र सगळ्यात जास्त. कळंबच्या बाजारात, येडशीच्या स्टेशनावर, जिथं चार माणसं बसलेली दिसतील तिथं मी सांगायचो, "आमचा आप्पा बार्शीवाल्याला पाच मिनिटांत आस्मान दावतोय."

जत्रेच्या दिवशी सकाळी त्याच्या अंगाला तेल मीच लावलं. मान चोळताना तो कळवळला. म्हणाला, "उजव्या हाताला मुंग्या यायल्यात चार दिस झालं. वस्तादाला सांगू नगंस. कुस्ती काढून घेत्याल."

मी नाही सांगितलं. हे एक.

कुस्ती लागली. हलगी कडाडली. पाच मिनिटं खडाखडी, मग बार्शीच्या गड्यानं पट काढला, आप्पा निसटला. आप्पानं ढाक मारायचा प्रयत्न केला, तो गडी सुटला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. दोघंही मातीनं आणि घामानं माखून एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे. पंचांनी एकमेकांकडं बघितलं. बरोबरीत सोडवावी, इनाम अर्धं-अर्धं वाटावं, असा त्यांचा विचार दिसला. तेव्हा पलीकडून बार्शीची माणसं ओरडली, "भ्यालं रं भ्यालं!"

आणि मी उठलो. दोन्ही हात वर करून बोंबललो, "निकाली! कुस्ती निकाली करा!" माझ्यामागं दहा जण उठले, मग शंभर. हजारभर माणसांच्या तोंडी तो एकच शब्द. आप्पानं माझ्याकडं बघितलं. मला ते बघणं आजही दिसतं. त्यात राग नव्हता. तो फक्त बघत होता, की सकाळी माझी मान चोळणारा हाच का.

पंच मागं सरले. पाचेक मिनिटांनी बार्शीच्या गड्यानं आप्पाला खाली घेतलं आणि मानेवर भार टाकून घिस्सा मारला. आप्पा पालथ्याचा उताणा झाला. निकाल लागला. पण तो उठलाच नाही. हात हलेना. जीपमध्ये घालून सोलापूरला नेला. तीन महिने तिथं होता. चालत घरी आला ही येडाईची कृपा, पण उजव्या हाताची पकड गेली आणि मान वळायची थांबली. सोयरीक जमलेली होती, ती मोडली. पुढं त्यानं शेरडं पाळली. आमच्याकडची काळी उस्मानाबादी शेरडं. आजही तेच करतो.

आता प्रश्न असा, की यात माझा दोष किती?

मी स्वतःला वर्षानुवर्षं समजावत आलो. आप्पा स्वतःच्या पायानं आखाड्यात उतरला. मुंग्यांचं त्यानंच लपवायला सांगितलं. थांबवायचं काम पंचांचं होतं. डाव मारला बार्शीच्या गड्यानं आणि तोही नियमातला डाव. ओरडलो मी एकटा नाही, अख्खा फड ओरडला. हिशेब केला तर माझ्या वाट्याला हजारातला एक हिस्सा येतो. एवढं पाप तर आपण मुंगीवर पाय पडला तरी करतो.

पण हा हिशेब रात्री जमत नाही. दोष हजार जणांत वाटला गेला, म्हणून कुणालाच लागला नाही. आप्पाची मान मात्र वाटली गेली नाही. ती अख्खी त्याच्या एकट्याच्याच खांद्यावर राहिली. आणि त्या हजारांत मुंग्यांची गोष्ट ठाऊक असणारा मी एकटाच होतो. बाकीचे नुसते ओरडले, मी जाणून ओरडलो.

मग शौकीन असणंच वाईट का? तसंही मला म्हणवत नाही. शौकिनावाचून कुस्ती जगलीच नसती. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ब्राँझ पदक घेऊन आले, तिथं जायचे पैसे कुठल्या दरबारानं एकगठ्ठा दिले नव्हते. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या माणसांनी वर्गणी काढली होती. आमच्या गावानं आप्पाला दूध दिलं, तेही प्रेमच होतं. घोळ पुढं होतो. दूध दिलेल्याला वाटायला लागतं की अंगही आपलंच आहे. आणि माझ्यासारखा, ज्यानं दूधही दिलं नाही, त्याला तर जास्तच वाटतं. पैलवान आपली अब्रू घेऊन आखाड्यात उतरलाय असं आपण धरून चालतो. मग तो बरोबरीत सुटला की आपल्याला आपणच भ्यालो असं वाटतं. मी त्या दिवशी आप्पासाठी ओरडलो नव्हतो. बाजारात मारलेल्या बढाईसाठी ओरडलो होतो.

२०२३ च्या जानेवारीत हेच मोठ्या प्रमाणावर बघितलं. पुण्यात मातीवरच्या लढतीत महेंद्र गायकवाडनं सिकंदर शेखला बाहेरची टांग मारली, पंचांनी चार गुण दिले, आणि चार द्यायचे का नाही यावर महाराष्ट्र पेटला. सिकंदर मोहोळच्या हमालाचा पोरगा, आमच्या सोलापूरच्या बाजूचा, म्हणून आमच्याकडं त्याचीच बाजू. मीही त्याचीच घेतली. पण बोलणं गुणांवर थांबलं नाही. कुणी त्याचा धर्म काढला, कुणी पंचाला फोनवरून धमकी दिली, प्रकरण पोलिसांत गेलं. कुस्ती खेळलेले दोघं घरी जाऊन झोपले असतील, भांडत होते ते कधी लांग न कसलेले.

त्याच वर्षी दोन संघटनांच्या भांडणामुळं महाराष्ट्र केसरी एकाच महिन्यात दोनदा झाली. फुलगावला सिकंदर जिंकला आणि दुसरी आमच्या धाराशिवला झाली. मी आप्पाला म्हणालो, चल. एकतीस वर्षांत तो कुस्तीला आला नव्हता. त्या दिवशी आला. शेवटची लढत शिवराज राक्षे आणि हर्षवर्धन सदगीर, दोघंही आमच्या लातूरकडच्या काका पवारांचे पठ्ठे. आप्पाची मान वळत नाही, म्हणून पैलवान सरकले की तो अख्खा कमरेतून वळायचा. मागची पोरं म्हणाली, "ओ काका, नीट बसा की, दिसंना." मी त्यांना काही सांगणार तर आप्पानं माझ्या मांडीवर हात ठेवला. शिवराज जिंकला. आप्पानं आधी सदगीरसाठी टाळी वाजवली, डाव्या हातानं उजव्यावर.

परत येताना मी त्याला सदगीरची जुनी गोष्ट सांगितली. २०२० साली बालेवाडीत तो केसरी झाला, तेव्हा समोर त्याच्याच तालमीतला शैलेश शेळके हरला होता. जिंकल्यावर सदगीरनं त्यालाच खांद्यावर उचलून घेतलं आणि मैदानात फिरवलं. आप्पा म्हणाला, "त्येला म्हाईत हाय. हरलेल्याचं वजन किती असतंय त्ये उचलणाऱ्यालाच कळतंय."

मग मी विचारलंच. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "आप्पा, त्या दिवशी मी वराडलो नसतो तर?"

बराच वेळ तो गप्प. एसटीत खिडकीबाहेर अंधार. मग म्हणाला, "तू एकटा थोडाच हुतास, लेका." थोड्या वेळानं म्हणाला, "पर आवाज तुझाच वळखू आला."

त्यानं माफ केलं की नाही, ते मला अजून उमगलेलं नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट मी मनाशी धरली. कुस्तीत जिंकायला माणूस मोडावा लागत नाही, नुसती पाठ टेकवली की झालं, पडलेला उठून माती झाडून घरी जातो. म्हणून तर हा खेळ आपल्याकडं देवाच्या जत्रेत शोभतो. त्यात माणूस मोडला जातो तो बहुतेक वेळा बघणाऱ्यांच्या हट्टापायी. पोरांनी डावावर भांडावं, गुणांवर भांडावं, पंचावर टीका करावी. आवडत्या पैलवानासाठी घसा बसेपर्यंत ओरडावं. फक्त त्याच्या अंगातून आपली अब्रू काढून घ्यायला जाऊ नये.

हे बोलणं सोपं. दोन महिन्यांनी त्याची परीक्षा झाली. एप्रिलात आमच्या जत्रेत मला पंच केलं. शेवटून दुसऱ्या कुस्तीत आमच्याच गावचा, टपरीवर तो पिंजरा दाखवणारा पोरगा. पंधराव्या मिनिटाला त्याचा खांदा लचकला. तो दाखवत नव्हता, पण डावा हात त्यानं अंगाशी धरला होता. फड ओरडायला लागला, "निकाली, निकाली!" मी हलगी थांबवली. कुस्ती बरोबरीत सोडवली, इनाम वाटून दिलं. माझ्या नावानं काय काय ऐकू आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

रात्री पोरगा घरी आला. डोळे लाल. "नाना, तुमी कोण माझी कुस्ती सोडवणारं? खांदा माझा हाय. मला लढायचं हुतं."

त्याचंही खरं होतं. ओरडून लढायला लावणारा मी एकदा त्याच्यासारख्याचा मालक झालो होतो, आता थांबवूनही मालकच झालो की काय, हा प्रश्न त्यानं माझ्या दारात आणून ठेवला. उत्तर मला देता आलं नाही. मी म्हणालो, "खरं हाय तुझं. शिव्या दे मला. पर आधी हात वर करून दाव."

त्यानं रागारागानं हात वर केला. हात डोक्यापर्यंत गेला. मी आत जाऊन तेलाची बाटली आणली.