रुचीचे मोजमाप

एखादे अन्न लोकांस किती आवडते हे मोजता येते. आणि जे मोजता येते ते वाढविताही येते. अन्नशास्त्राचा आजचा विद्यार्थी ह्या दोन्ही गोष्टी विद्यापीठात शिकतो. पहिलीविषयी कोणाचीच तक्रार नाही. दुसरी मात्र कोणत्या अधिकाराने करावयाची, हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या कडेला पडून राहतो, असे आम्हांस वाटते.

मोजण्याची रीत मोठी नेटकी आहे. चाखणाऱ्यांस निरनिराळ्या कप्प्यांत बसवितात. पदार्थाच्या रंगाने जिभेची दिशाभूल होऊ नये म्हणून प्रसंगी तांबडा दिवा लावतात. नमुन्यांस नावे नसतात, तीन आकडी अंक असतात. दोन नमुन्यांच्या मध्ये पाण्याची चूळ. मग ‘अतिशय आवडले’पासून ‘अतिशय नावडले’पर्यंतच्या नऊ पायऱ्यांपैकी एकीवर खूण करावयाची. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेत सैनिकांच्या जेवणाच्या निमित्ताने ही नऊ पायऱ्यांची शिडी तयार झाली. त्यामागचा विचार सरळ आहे: ताटात टाकून दिलेले अन्न कितीही सकस असले तरी ते कोणाच्या अंगी लागत नाही.

आपल्या देशालाही हा धडा मिळालेला आहे. म्हैसूर येथे १९५० साली अन्नतंत्रविषयक केंद्रीय संशोधनसंस्था स्थापन झाली. तेथे शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ आणि हरभऱ्याचे पीठ ह्यांपासून एक बहुउद्देशीय अन्न सिद्ध करण्यात आले. प्रथिने भरपूर, किंमत थोडी. हेतू तर निर्विवाद शुद्ध. तरीही ते घराघरांतल्या डब्यांत जाऊन बसले नाही. भुकेल्या माणसालाही रुची असते, आणि तिची विचारपूस करणे हा त्याचा मान राखणेच होय. म्हणून ग्राहकाच्या मनाचा अभ्यास म्हणजे केवळ व्यापाऱ्याची युक्ती, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

परंतु तीच शिडी दुसऱ्या भिंतीलाही लावता येते. पेयात साखर वाढवीत गेले की आवड एका मर्यादेपर्यंत वाढते व पुढे उतरते. त्या शिखराचा शोध घेण्याचे शास्त्र हॉवर्ड मॉस्कोविट्झ ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व्यापारी पदार्थांच्या कामी लावले. येथे मोजमाप खरे, गणित खरे. खोटे असे काहीच नाही. मग खटकते ते काय?

पंगतीतला आग्रह आठवावा. यजमानही आपल्याला हवे त्याहून अधिक खाऊ घालीतच असे. परंतु तो समोर उभा असे, त्याचा हेतू दिसत असे, आणि पानावर आडवा हात धरण्याची सोय आपणांस होती. शिवाय तोच जिलबीचा घास थोड्या वेळाने तोही खाणार असे. पुडीतला आग्रह अदृश्य असतो. हात कोणापुढे आडवा धरावयाचा हेच कळत नाही. आपल्या बोलीत एखाद्याचे गिऱ्हाईक करणे म्हणजे त्याला फसविणे किंवा त्याची थट्टा करणे. भाषेला हा धोका पूर्वीच ठाऊक होता म्हणावयाचा!

ह्यावर एक उत्तर ठरलेले असते: लोकांना जे आवडते तेच आम्ही देतो. हे उत्तर आम्हांस अपुरे वाटते, कारण आवड ही काही जन्मजात ठेव नव्हे. जेवणातले मीठ हळूहळू कमी केले तर काही आठवड्यांत जीभ त्याला सरावते, आणि पूर्वीचेच जेवण खारट लागू लागते. दोनतीन पिढ्या गुजरातेत काढलेल्या मराठी घरांतली आमटी चाखावी. तिच्यातला गूळ वाढला तो कोणी ठरवून वाढविलेला नाही. रुची अशी शेजाराने घडते. परंतु आज लहान मुलाची जीभ जर पुडीनेच घडत असेल, तर पुढे त्याच जिभेला प्रश्न विचारून मिळालेला कौल स्वतंत्र कसा मानावा? साक्षीदारही आपणच पढविलेला आणि साक्षही त्याचीच!

आणखी एक विसंगती आहे. प्रयोगशाळेत चाखणाऱ्या पंधरावीस जणांची संमती घेतली जाते. कोणता पदार्थ बाधतो काय, हेही विचारले जाते. पुढे तोच पदार्थ लक्षावधी लोक खातात, तेव्हा त्यांच्या संमतीची चौकशी कोणी करीत नाही. चिली देशाने २०१६ साली साखर, मीठ, स्निग्धांश वा उष्मांक अधिक असलेल्या पुड्यांवर काळ्या अष्टकोनी सूचना छापणे सक्तीचे केले, आणि अशा पुड्यांवरची मुलांना भुलविणारी चित्रे काढावयास लाविली. हा आडवा हात सरकारने धरला. विद्यापीठाने त्याची वाट का पाहावी, हे आम्हांस समजत नाही.

चाखणाऱ्यास ‘हे आवडले काय?’ एवढेच विचारून थांबण्याचे कारण नाही. ‘ही आवड आपणांस असावी असे वाटते काय?’ असेही त्याला विचारता येईल, आणि ‘आपल्या मुलाला ती लागावी असे वाटते काय?’ असेही. एकाच बाईने तिन्ही प्रश्नांची तीन निराळी उत्तरे दिली, तर विद्यार्थ्याने आपल्या अहवालात कोणता आकडा लिहावा?