लाइन थांबवायची कुणी?

कारखाना चालवणे म्हणजे तो थांबू न देणे, ही समजूत फार जुनी. फ्रेडरिक टेलरने १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनावर पुस्तक लिहिले आणि तिला सिद्धान्ताचे बळ मिळाले. विचार साहेबाने करायचा, कामगाराने फक्त सांगतील तसे हात हलवायचे. दोन वर्षांनी हेन्री फोर्डने हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती लाइन आणली. गाडीचा सांगाडा जोडायला लागणारे साडेबारा तास बघता बघता दीड तासावर आले. नट नीट बसला नाही हे ज्याच्या डोळ्यांना दिसायचे, त्याला लाइन थांबवण्याची मुभा मात्र नव्हती. गाडी पुढे सरकायची आणि दोष शेवटी कुणीतरी निस्तरायचे. कामगार इतके विटले, की १९१३ साली जागा भरलेल्या ठेवण्यासाठी फोर्डला एकूण संख्येच्या साडेतीन पटींहून जास्त भरती करावी लागली. पुढच्या जानेवारीत त्याने दिवसाला पाच डॉलर जाहीर केले. लोक टिकले, पण लाइनवरची सत्ता होती तिथेच राहिली.

या समजुतीला पहिला तडा मोटारीच्या धंद्यात गेला नाही. तो कापडाच्या धंद्यात गेला. जपानमधला सुताराचा मुलगा साकिची तोयोदा आयुष्यभर मागाच्या मागे लागला होता. साध्या मागावर एखादा धागा तुटला तरी माग आपला खडखडत राहतो आणि विणकराच्या लक्षात येईपर्यंत हातभर कापड वाया जाते. साकिचीच्या १९२४ च्या स्वयंचलित मागात उभ्या धाग्यांवर धातूच्या पातळ पट्ट्या लोंबत. धागा ताणलेला असेपर्यंत पट्टी वर. तुटला की पट्टी खाली पडणार आणि माग जागच्या जागी बंद. मागापाशी डोळ्यांत तेल घालून उभे राहण्याची गरज संपली आणि एक माणूस तीसहून अधिक माग सांभाळू लागला. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. साकिचीच्या मुलाच्या, किइचिरोच्या, मोटारीच्या प्रयोगांना त्या पैशाचा आधार झाला.

म्हणजे चूक दिसताच थांबण्याचा अधिकार आधी यंत्राला मिळाला. माणसाला तो मिळायला आणखी दोन-तीन दशके जावी लागली. तो देणारा ताइइची ओनो हाही मूळचा तोयोदांच्या कापड गिरणीतला. त्यांच्याच टोयोटा या मोटार कंपनीत तो १९४३ मध्ये आला. पण त्याच्या हुशारीइतकेच महत्त्व मी १९५० सालच्या संपाला देतो. कंपनी दिवाळखोरीच्या काठावर होती, सुमारे सोळाशे लोकांना जावे लागले आणि जबाबदारी घेऊन किइचिरोनेही अध्यक्षपद सोडले. त्यानंतर मालक आणि कामगार यांच्यात जो समझोता मुरत गेला, त्याचा गाभा नोकरीची शाश्वती हा होता. व्यवस्थापनाच्या वर्गात ओनोची तंत्रे शिकवतात. हा संप बहुधा तळटीपेत जातो.

थांबण्याचा हा अधिकार कामगार ज्या दोरीने बजावतो, ती टोयोटाच्या लाइनवरची प्रसिद्ध दोरी जवळून पाहिली, तर तिच्यात नाट्य फारसे नाही. काही बिनसले की कामगार डोक्यावरची दोरी ओढतो, दिवा लागतो, सूर वाजतो. लाइन मात्र लगेच थांबत नाही. गटप्रमुख धावत येतो. गाडी ठरलेल्या रेषेपर्यंत पोचायच्या आत काम निस्तरले, तर दोरी पुन्हा ओढून इशारा मिटवतात. नाही निस्तरले, तरच लाइन उभी राहते. दोरी ओढणे ही आधी मदतीची हाक आहे आणि ती ऐकून कुणीतरी येणार याची खात्री हेच तिचे खरे यंत्र.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला हे उघड दिसले. जनरल मोटर्सने १९८२ मध्ये बंद केलेला, गैरहजेरीसाठी बदनाम झालेला कारखाना टोयोटाने भागीदारीत १९८४ मध्ये पुन्हा सुरू केला, तोही बहुतांश जुन्याच कामगारांना घेऊन. दोन वर्षांत त्याची गुणवत्ता जपानी कारखान्यांच्या जवळ गेली. करारात कामगारकपात टाळण्याची हमी होती आणि १९८८ मध्ये मागणी घसरली तेव्हा ती पाळली गेली. जनरल मोटर्सने तोच धडा आपल्या इतर कारखान्यांत नेऊ पाहिला, पण तिथे दर तासाला किती गाड्या निघाल्या यावरच साहेबाची पत ठरत होती. अशा ठिकाणी दोरी ओढेल कोण?

आपल्याकडेही औद्योगिक वसाहतींतल्या शेडमध्ये लाल-पिवळे-हिरवे दिवे लटकतात. ते पाहताना मला इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार आठवतो. त्याची मजुरी पिकावर, म्हणजे किती आडवे धागे विणले त्यावर ठरते. माग थांबला की मजुरी थांबली. त्याला गुणवत्तेवर व्याख्यान देण्यात अर्थ नाही, कारण थांबण्याची किंमत तोच मोजतो.

ही किंमत जितकी मोठी, तितका हात आखडतो. मग तो हात साहेबाचा का असेना. ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर स्फोट झाला. त्याच्याशी नळांनी जोडलेल्या शेजारच्या फलाटांवरून आग दिसत होती, तरी तिथले उत्पादन लगेच बंद झाले नाही. वरून होकार आल्याशिवाय ते बंद करायला प्रमुख कचरत होते. एकूण १६७ माणसे गेली. त्याआधी १९७७ मध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने धडकून ५८३ जण मेले होते. तिथे तर पैशाचाही प्रश्न नव्हता. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का, असे एका विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलेही. ज्येष्ठ कॅप्टनने ते उडवून लावले आणि तो गप्प बसला. कनिष्ठाने बोलावे आणि वरिष्ठाने ऐकावे, याचे रीतसर प्रशिक्षण विमान कंपन्यांत सुरू झाले ते अशा अपघातांनंतर.

रुग्णालयांत हा विचार सर्वांत उशिरा आला. सिअ‍ॅटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने टोयोटाकडून शिकून २००२ मध्ये नियम केला, की रुग्णाला धोका दिसला तर कुणाही कर्मचाऱ्याने काम थांबवावे. तरीही २००४ मध्ये तिथे एका रुग्णाला रंगहीन औषधाऐवजी तसेच दिसणारे जंतुनाशक टोचले गेले आणि ती दगावली. रुग्णालयाने चूक जाहीरपणे कबूल केली. मला यात नियमाचे अपयश दिसत नाही. औषध आणि जंतुनाशक ज्या वाडग्यांत ठेवले, त्यांच्यावर चिठ्ठ्याच नसतील, तर थांबण्याचे कारण कुणाला दिसणार? यंत्राला धागा तुटल्याचे कळावे म्हणून साकिचीने पट्ट्या लावल्या होत्या. माणसाला नुसता अधिकार देऊन आपण तेवढेही करत नाही. शिवाय आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरमध्ये प्रश्न चिठ्ठीच्याही अलीकडचा आहे: ‘सर, एक मिनिट’ म्हणणाऱ्या सिस्टरची पुढच्या महिन्याची ड्यूटी कोण लावतो?