आजचं चिंतन : गीता, अध्याय १८, श्लोक ६३



सगळं सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात, यावर नीट विचार कर, मग तुला वाटेल ते कर. प्रत्यक्ष भगवंत, तरी निर्णय समोरच्यावर सोडतात! आमच्या घरी दोन महिने याच्या उलट चाललंय.

मुलगा सहा वर्षांचा होतोय. माझं म्हणणं, शाळा नको, घरीच शिकवू. गोंदियात बसून पुण्याच्या कंपनीचं काम होतं, तर पहिलीचा अभ्यास का नाही होणार? दाखला विनोबांचा दिला. १९१६ मध्ये इंटरची परीक्षा सोडून निघून गेले, काय अडलं त्यांचं?

सौ. म्हणाली, "विनोबांचं राहू द्या. दिवसभर तुमच्या कानात हेडफोन. शिकवणार तर मीच ना? मला विचारलं का?"

नव्हतं विचारलं. अन् त्याच विनोबांनी गीताई लिहिली ती आईला संस्कृत गीता कळत नव्हती म्हणून. म्हणजे आईचं आधी ऐकलं होतं. दाखला देताना हे बरं विसरलो मी!

शाळेचा अर्ज तिने आणून देव्हाऱ्याजवळ ठेवलाय. उद्या रविवार. लॅपटॉप बंद ठेवून तिच्याजवळ बसतो. आधी ती बोलेल.