आपला नांगर कोणी नेला?

वाचन : इब्री ६:१३-२०

जहाज आपला नांगर आपणच टाकते, असे आपण समजतो. पण समुद्रात तेलविहीर खणणाऱ्या तरंगत्या तराफ्याला ते साधत नाही. नांगर वाहणारे एक बळकट जहाज येते, तराफ्याचा नांगर साखळीसह दूर नेते आणि तळाशी सोडते. त्यावरील खलाशी रात्रंदिवस पाळीपाळीने राबतात. मागच्या उघड्या डेकवर लाटा चढत असतात.

हे काम जोखमीचे आहे. १२ एप्रिल २००७ रोजी शेटलंड बेटांच्या पश्चिमेस 'बूर्बों डॉल्फिन' हे नॉर्वेचे जहाज एका तराफ्याचा शेवटचा नांगर नेत होते. पाणी सुमारे ११०० मीटर खोल. जड साखळीच्या ओढीने जहाज कलंडून उलटले. पंधरांपैकी आठ जण गेले. त्यांत कप्तान व त्याचा चौदा वर्षांचा मुलगाही होता. हे सांगताना आपलेही मन जड होते.

पत्रलेखक आशेला नांगर म्हणतो, आणि लगेच येशूला अग्रगामी म्हणतो. पडद्याच्या आत आपला नांगर आपण नेला नाही. त्याने नेला, आणि त्यासाठी प्राण दिला. तो मरणातून उठला, म्हणून ती साखळी तुटत नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, लेकरांना हेच सांगू या. आणि आपल्या मंडळीतील कोणाचा मुलगा समुद्रावर असेल, तर या आठवड्यात त्याच्या आईजवळ बसून प्रार्थना करू या.