पेटीतले लाल लुगडे

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर किंवा पलंगाखाली एक जुनी पेटी असते. डांबराच्या गोळ्यांच्या वासात तिथे आजीचे लाल लुगडे घडी घालून ठेवलेले असते. ते कोणी नेसत नाही आणि कोणाला देऊन टाकायचा धीरही होत नाही. घर दुरुस्तीला काढले की प्रश्न पुढे येतो : याचे काय करायचे? प्रश्न कापडाचा दिसतो, पण आपल्या माणसांचे आपण काय देणे लागतो, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या वसईत सामवेदी ख्रिस्ती स्त्रियांची ओळखच मुळी लाल नऊवारी लुगडे ही होती. ते मिरवायचे वस्त्र नव्हते, कामाचे होते. काष्टा घट्ट मारून बाया वाडीत पाणी लावत, केळीचे घड उतरवत. विरार ते मुंबई गाडी 1867 साली सुरू झाली, आणि वसईची भाजी, फुले, केळी मुंबईच्या बाजारात पोहोचू लागली. त्या टोपल्यांमागे लाल लुगड्यातल्या बायांचे कष्ट होते. आज शिकलेल्या कितीतरी घरांचा पाया त्या कष्टांवर उभा आहे.

पुढे मुली शिकल्या, नोकरीला लागल्या. लुगडे गेले, सहावारी आली, मग पंजाबी ड्रेस आला. यात रडण्यासारखे काही नाही. पेहराव बदलतोच. स्त्रियांनी चर्चमध्ये डोके झाकावे असा नियम 1917 च्या कॅनन लॉमध्ये होता. 1983 च्या नव्या संहितेत तो राहिला नाही. म्हणून कोणाची श्रद्धा कमी झाली असे आपण म्हणत नाही.

मग खंत कशाची? एक काळ असा होता की लुगड्यातली आई शाळेत आली की काही मुलांना संकोच वाटे. आज तेच लुगडे स्नेहसंमेलनात, महोत्सवात नातवंडे हौसेने नेसतात, फोटो काढतात. हे चांगलेच आहे. पण लुगड्याला मान मिळाला म्हणून ते नेसणाऱ्या बाईला मिळाला असे होत नाही. ज्या आजी अजूनही रोज लुगडे नेसतात, त्यांच्याशी त्यांच्या बोलीत दहा मिनिटे बोलायला घरात कोणाला वेळ असतो का? वस्त्राची आठवण जपायची आणि माणूस कोपऱ्यात बसवायचा, याला वारसा कसे म्हणावे?

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात यापो गावच्या दुर्कसची गोष्ट आहे. ती वारली तेव्हा विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने केलेले कपडे त्याला दाखवू लागल्या. हे कपडे दुर्कसने स्वतःसाठी जमवलेले नव्हते. दुसऱ्यांसाठी शिवलेले होते. तिची आठवण पेटीत राहिली नाही, ती गरिबांच्या उपयोगी पडली.

आपल्या आज्यांनाही हे ठाऊक होते. लुगडे विरले की त्याची बाळाला झोळी होई, दुपटी होत, मग गोधडी शिवली जाई. आजीच्या अंगावरचे मऊ कापड पणतूच्या अंगाखाली येई. शेवटी चिंधी उरे, तीही पुसायला लागे. फेकणे नव्हते, तसे नुसते जपून ठेवणेही नव्हते.

तेव्हा एक लुगडे जरूर ठेवू या. पण ते कोणाचे, कोणत्या लग्नात घेतलेले, काष्टा कसा मारायचा, हे सांगणारे माणूस आहे तोवर विचारून लिहून ठेवू या. नाहीतर दोन पिढ्यांनी पेटीत केवळ लाल कापड उरेल. बाकीचे कपडे, धडके आणि धुतलेले, गरजूंना देऊ या. फाटके देणे म्हणजे दान नव्हे, ती आपल्या घरची सफाई झाली.

आणि आज मिस्सा सुटल्यावर आपल्या बाकावर लुगड्यातली एखादी आजी दिसली, तर मोबाइल खिशात ठेवून तिच्याजवळ जरा बसू या. फोटो मागून काढता येईल.