सातबाऱ्याची भरपाई

२०२५च्या सप्टेंबरात सीना आणि सिंदफणा पात्र सोडून शिवारात घुसल्या. उभं सोयाबीन सडलंच, शिवाय काठच्या रानांतली माती वाहून जाऊन खालचा मुरूम उघडा पडला. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि वाद लगेच आकड्यावर गेला: पुरेसं की तुटपुंजं? तुटपुंजं तर होतंच. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० म्हणजे एकरी साडेतीन हजारसुद्धा नाहीत. त्यात बियाण्याची आणि खताची बॅगही धड येत नाही. मला मात्र त्याहून जास्त खटकतं ते हे, की ही रक्कम नेमकी जाते कोणाकडे?

सातबाऱ्यावर नाव असेल त्याच्याकडे. वरवर पाहता यात गैर काही नाही. पण पॅकेजमधल्या रकमा जरा सुट्या करून बघा. खरवडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख आणि ३ लाखांपर्यंतची कामं रोजगार हमीतून. ही जमिनीची भरपाई, ती मालकालाच मिळायला हवी. ८,५०० रुपये बुडालेल्या पिकाचे; ते ज्याने पेरलं त्याचे. रब्बीच्या पेरणीसाठी दिलेले वरचे १०,००० तर जो पुढे पेरणार त्याचेच. तिन्ही हिशेब वेगळे, पण खातं एकच.

मराठवाड्यात ठोक्याने किंवा बटईने रान करणारे गावोगाव आहेत. पाडव्याला ठोक्याचे पैसे मोजायचे, बी-खत उधारीवर आणायचं, आणि पूर आला की तलाठ्याच्या यादीत नाव बघायचं ते पुण्यात नोकरी करणाऱ्या मालकाचं. भरपाईचा विशिष्ट क्रमांक त्याचा, केवायसीला अंगठा त्याचा. मालक भला असेल तर काही रक्कम पाठवतो. नसेल तर विषयच निघत नाही, कारण पुढच्या साली रान त्याच्याकडूनच घ्यायचं असतं.

हा व्यवहार कागदावर का येत नाही? भीतीपोटी. कूळ कायद्याने कसणाऱ्याला जमीन दिली. तेव्हापासून कसणाऱ्याचं नाव कुठेही लागू नये याची खबरदारी मालक घेतात. कुळाच्या भल्यासाठी केलेल्या कायद्याने पुढच्या पिढीचं कूळ दप्तरातून पुसून टाकलं. २०२१पासून ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो चढतो, पण नोंद खातेदाराच्याच नावाने. पीक कोणतं हे सरकारला कळतं, पेरलं कोणी हे नाही.

आंध्र प्रदेशाने २०१९मध्ये वाट काढली: कसणाऱ्याला ११ महिन्यांचं कार्ड, आणि त्यावरून मालकीचा दावा नाही. मेख अशी, की त्यावर मालकाची सही लागते. म्हणजे भीती पुन्हा तिथेच.

आपल्याकडे सहीशिवायही भागेल, असं मला वाटतं. पंचनामा बांधावर उभं राहून होतो. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक आणि गावचे पंच समोर असतात. ते रान कोणी केलंय हे त्यांतल्या पंचांना विचारावंही लागत नाही. फक्त तक्त्यात तो रकाना नाही. तो घालायचा, त्या हंगामापुरता, मालकी हक्काशी संबंध नाही असं वर छापून, आणि पिकाची रक्कम त्या नावावर सोडायची. मालक कोर्टात जातील, जाऊ देत. निदान भांडण खऱ्या प्रश्नावर होईल.