कांद्याचा न्याय्य भाव



डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि घोडेगाव, राहुरीपासून लासलगावपर्यंत भाव कोसळले. बंदी उठली मे २०२४ मध्ये. शहरातल्या गरिबाला कांदा स्वस्त मिळावा, हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण त्या स्वस्ताईचे पैसे कोणाच्या खिशातून गेले?

हाच प्रश्न १९८० च्या सुमारास चाकणच्या कांदा आंदोलनात शरद जोशी (१९३५–२०१५) यांनी विचारला होता. सरकार मुद्दाम भाव पाडते. शेतकऱ्याला भीक नको, बाजाराचे स्वातंत्र्य द्या, असे ते सांगत. खुल्या बाजाराचा हा विचार पाश्चात्त्य भांडवलदारांचा, असे पुष्कळांना वाटते. त्याचे एक मूळ मात्र आपल्याच ख्रिस्तसभेत आहे. ऑस्ट्रियन पंथाचे अर्थशास्त्रज्ञ हायेक यांनी १९७४ चे नोबेल पारितोषिक घेताना मोलिना आणि लुगो या जुन्या स्पॅनिश धर्मपंडितांची आठवण काढली. दोघेही येशूसंघीय, म्हणजे आपल्या जिल्ह्यात गावोगाव मिशन उभारणाऱ्या संघाचेच!

वस्तूचा न्याय्य भाव कोणता, हा त्यांच्यापुढे पापनिवेदनाच्या वेळी येणारा प्रश्न होता. व्यापारी विचारी, मी जास्त घेतले का? त्यांचे उत्तर असे: फसवणूक, जबरदस्ती आणि मक्तेदारी नसेल, तर बाजारात सर्वसाधारणपणे ठरतो तो भाव न्याय्य. नेमका आकडा इतक्या गोष्टींवर अवलंबून असतो की तो फक्त देवालाच ठाऊक. मला या शिकवणुकीतली नम्रता आवडते. दिल्लीत बसून कांद्याचा भाव ठरवणाऱ्याला ती नसते.

पण मग कांदा काढायला येणाऱ्या बाईची मजुरी? तीही बाजारच ठरवतो, असे आपले शेतकरी बांधव म्हणतात. येथे मी अडखळतो. भाव पडला तर कांदा काही महिने चाळीत ठेवता येतो. आजची मजुरी उद्यासाठी ठेवता येत नाही. संध्याकाळी चूल पेटवायची असते. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात म्हटले की, गरजेपोटी किंवा भीतीपोटी मजुराने कमी मजुरी कबूल केली, तर तीही एक जबरदस्तीच आहे. दोन्ही बाजूंनी ‘हो’ म्हटले एवढ्याने व्यवहार न्याय्य होत नाही. मोलिनाची ‘जबरदस्ती नसेल तर’ ही अट मला येथेच आठवते.

शेतकऱ्याचीही अडचण खरी आहे. पट्टीतून हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाऊन हाती काय उरते, ते आपण जाणतो. ज्याला भाव मिळाला नाही त्याने मजुरी वाढवायची कशातून?

आपल्या मंदिरात दोघेही एकाच बाकावर बसतात. पुढील रविवारी मिस्सानंतर दोघांनीही थोडे थांबावे. कांदेवाल्यांनी मागच्या हंगामातल्या पट्ट्या आणाव्यात, मजूर भगिनींनी आठवड्याच्या किराण्याचा हिशेब. चहाची सोय केली आहे.

आपला, फादर